संस्थेचे नाव आणि दाराची किल्ली : सुदूर संवेदनाच्या संशोधनपत्रिकांचा शतकभराचा इतिहास

१/
जुलै १९१० चा पहिला आठवडा. ४ तारखेला व्हिएन्नात एडुआर्ड डोलेझाल या प्राध्यापकांच्या पुढाकाराने फोटोग्रामेट्रीची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तीनच दिवसांनी, ७ तारखेला, पुण्यात वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळाचा पाया घातला. दोन्ही संस्थांना एकमेकींची वार्ताही नव्हती. एकीचे साधन कॅमेरा, तर दुसरीचे साधन मोडी कागद. तरीही एका बाबतीत दोघींची समजूत सारखीच होती : संशोधन छापून लोकांपुढे आल्याखेरीज पुरे होत नाही, आणि छापण्याचे साधन संस्थेच्या हाती असले पाहिजे.

२/
मंडळाने इतिवृत्ते काढली, पुढे त्रैमासिक काढले. व्हिएन्नातील संस्थेची वाट मात्र निराळी झाली. छायाचित्रांवरून अचूक मोजमाप करण्याची विद्या म्हणजे फोटोग्रामेट्री. तिच्यातूनच विमानातून आणि मग उपग्रहातून पृथ्वी न्याहाळण्याचे शास्त्र, म्हणजे आजचे सुदूर संवेदन, वाढले. या शास्त्राच्या संस्था आणि त्यांच्या संशोधनपत्रिका यांचे नाते शतकभरात कसे बदलत गेले, आणि त्यात संस्थांच्या हातून काय निसटले, हा या थ्रेडचा विषय आहे.

३/
प्रारंभ थोडा मागून करावा लागेल. १६६५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांनी ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू केले, ते स्वतःच्या जोखमीवर. नफातोटा त्यांचा, प्रतिष्ठा सोसायटीची. सोसायटीने या पत्रिकेची रीतसर जबाबदारी स्वीकारली ती १७५२ मध्ये, आणि तेव्हाच लेख निवडण्यासाठी समिती नेमली. म्हणजे नाव एकाचे आणि व्यवहार दुसऱ्याचा ही अडचण संशोधनपत्रिकेइतकीच जुनी आहे.

४/
डोलेझाल यांचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. १९०७ मध्ये त्यांनी ऑस्ट्रियातील संस्था उभी केली, १९०८ मध्ये फोटोग्रामेट्रीचे आंतरराष्ट्रीय ‘आर्काइव्ह’ छापण्यास प्रारंभ केला आणि त्यानंतर दोन वर्षांनी आंतरराष्ट्रीय संस्था जन्मली. पत्रिका आधी, संस्था नंतर. निरनिराळ्या देशांत विखुरलेल्या मोजणीदारांना, लष्करी नकाशाकारांना आणि भिंगे घडविणाऱ्यांना एकमेकांची ओळख या पानांनीच करून दिली. तेव्हाची पत्रिका हा संस्थेचा श्वास होता. कुणाच्या उत्पन्नाचे साधन नव्हते.

५/
१९३८ मध्ये संस्थेचे मुखपत्र म्हणून ‘फोटोग्रामेट्रिया’ सुरू झाले. त्याच वर्षी अध्यक्षपद नेदरलँड्सचे विलेम स्खेरमरहॉर्न यांच्याकडे आले आणि महायुद्धामुळे अधिवेशनच न भरल्याने ते थेट १९४८ पर्यंत त्यांच्याकडेच राहिले. मधल्या काळात त्यांना नाझींनी ओलीस म्हणून डांबले, आणि १९४५ मध्ये ते आपल्या देशाचे पंतप्रधानही झाले. पुढे त्यांनी डेल्फ्ट येथे हवाई सर्वेक्षणाची जी प्रशिक्षण संस्था उभारली, तिचा धागा थेट देहरादूनपर्यंत येतो. त्याकडे पुढे वळू.

६/
युद्धानंतर चित्र पालटले. सरकारी पैशाने संशोधन फोफावले, लेखांची संख्या वाढली, देशोदेशीची ग्रंथालये वर्गणीदार झाली. मानद चिटणीस आणि दोन कारकून यांच्या बळावर चालणाऱ्या संस्थांना हा भार पेलेना. व्यावसायिक प्रकाशकाकडे जुळारी होते, मुद्रितशोधक होते, जगभर टपाल पोहोचविण्याची व्यवस्था होती. ‘फोटोग्रामेट्रिया’ ॲम्स्टरडॅमच्या एल्सव्हिअरकडे गेले. त्या काळात हा सौदा शहाणपणाचाच होता. संस्थेने ज्ञान द्यावे, प्रकाशकाने कष्ट घ्यावेत आणि वाचकाला वेळेवर अंक मिळावा, यात कुणाचे नुकसान दिसत नव्हते.

७/
१९६० च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या संशोधन कार्यालयातील भूगोलतज्ज्ञ एव्हलिन प्रुइट यांनी ‘रिमोट सेन्सिंग’ हा शब्द रूढ केला. डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांतही पृथ्वीची चित्रे घेतली जाऊ लागल्यावर ‘हवाई छायाचित्रण’ हे नाव तोकडे पडले होते. २३ जुलै १९७२ रोजी पहिला लँडसॅट उपग्रह आकाशात गेला. विषयाचे नाव बदलले तशी संस्थांची आणि पत्रिकांचीही बदलली. व्हिएन्नात जन्मलेल्या संस्थेने १९८० मध्ये नावात ‘सुदूर संवेदन’ जोडले आणि तिचे आजचे लघुनाम ‘आयएसपीआरएस’ झाले. १९८९ मध्ये ‘फोटोग्रामेट्रिया’ तिच्या नावाचे जर्नल म्हणून प्रसिद्ध होऊ लागले.

८/
याच काळात संस्था आणि प्रकाशक यांच्या नात्याचे तीन नमुने स्पष्ट झाले.

पहिला : संस्था हीच प्रकाशक. विद्युत अभियंत्यांची आयट्रिपलई ही संस्था १९६३ पासून भूविज्ञानातील इलेक्ट्रॉनिकीची पत्रिका काढत होती. १९८० मध्ये तिच्या नावात सुदूर संवेदन आले. संपादक संस्थेचे, छपाई संस्थेची, हिशेबही संस्थेचाच.

९/
दुसरा : नाव संस्थेचे, व्यवहार प्रकाशकाचा. आयएसपीआरएस आणि एल्सव्हिअर ही जोडी याच प्रकारची. १९८० मध्ये सुरू झालेले ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ रिमोट सेन्सिंग’ हे ब्रिटनमधील सुदूर संवेदन संस्थेचे अधिकृत जर्नल, पण ते काढते टेलर अँड फ्रान्सिस.

तिसरा : संस्थाच नाही. ‘रिमोट सेन्सिंग ऑफ एन्व्हायर्नमेंट’ ही १९६९ ची पत्रिका प्रकाशनगृहाने स्वतःच उभी केली आणि ती या शास्त्रातील अग्रगण्य पत्रिकांपैकी एक ठरली.

१०/
तिसऱ्या नमुन्याचे यश झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. संस्थेचे नाव पाठीशी असले म्हणजे पत्रिका उत्तम, आणि नसले म्हणजे हिणकस, असे समीकरण इतिहासात टिकत नाही. चांगला संपादक आणि कसून तपासणारे परीक्षक मिळाले तर प्रकाशकाची पत्रिकाही नावारूपाला येते. उलट संस्थांच्या पत्रिकांत कंपूशाही शिरल्याची तक्रार सर्वच शास्त्रांत ऐकू येते. मग संस्था हवी कशाला? याचे उत्तर सुगीच्या दिवसांत सापडत नाही. ते संकटाच्या वेळी सापडते.

११/
असे एक संकट २०११ मध्ये आले. एमडीपीआय या प्रकाशकाने २००९ मध्ये ‘रिमोट सेन्सिंग’ नावाची, सर्वांना विनामूल्य वाचता येणारी पत्रिका सुरू केली होती. जुलै २०११ मध्ये तीत रॉय स्पेन्सर आणि विल्यम ब्रॅसवेल यांचा हवामानबदलाच्या प्रचलित प्रतिमानांवर शंका घेणारा लेख आला. वृत्तमाध्यमांत त्याचा गाजावाजा झाला, आणि तज्ज्ञांनी त्याच्या पद्धतीवर कठोर टीका केली.

१२/
२ सप्टेंबर २०११ रोजी मुख्य संपादक वोल्फगांग वाग्नर यांनी राजीनामा दिला. तेही व्हिएन्नाचेच, तेथील तंत्रविद्यापीठाचे प्राध्यापक. परीक्षणाची रीत वरवर पाळली गेली होती. पण विरोधी मताच्या शास्त्रज्ञांनी आधीच केलेल्या खंडनाची दखल लेखात नव्हती आणि परीक्षकांनी ती उणीव हेरली नाही, असे त्यांनी जाहीरपणे लिहिले. लेख छापायला नको होता, असे त्यांचे मत होते. लेख मात्र मागे घेतला गेला नाही. संपादक गेले, लेख राहिला.

१३/
वाग्नर यांचे म्हणणे बरोबर होते की चूक, हा हवामानशास्त्राचा वाद आहे. इथला मुद्दा वेगळा. पत्रिकेत चूक झाली असे वाटले, तर उत्तर मागायचे कुणाकडे? खासगी प्रकाशकाच्या पत्रिकेत संपादकाकडे अखेरचे शस्त्र एकच उरते, आपले पद. पत्रिका संस्थेची असेल तर निवडून आलेली कार्यकारिणी असते, वार्षिक सभा असते, उभे राहून प्रश्न विचारणारा सभासद असतो. संस्था चुका टाळतेच असे नाही. पण चूक झाल्यावर जाब देणारे कुणीतरी जागेवर असते.

१४/
याच वेळी पैशाचा प्रवाहही उलटा झाला. पूर्वी वाचक वर्गणी भरत असे. म्हणून अंक वाचनीय ठेवणे हे प्रकाशकाच्या हिताचे होते. आता लेख सर्वांना खुला आणि खर्च लेखकाकडून, प्रत्येक स्वीकृत लेखामागे. वाचकासाठी ही मोठीच सोय झाली, आणि तिचे श्रेय नाकारू नये. पण या रीतीत लेख नाकारणे म्हणजे उत्पन्न नाकारणे. मोह स्पष्ट आहे. तो आवरायला प्रकाशकाबाहेरचा हात लागतो.

१५/
मोह आवरला नाही तर काय होते, हे हिंदावी या प्रकाशनगृहाने दाखविले. २०२१ मध्ये वायली या जुन्या प्रकाशकाने ते २९.८ कोटी डॉलरला विकत घेतले. पाहुण्या संपादकांच्या हाती सोपविलेल्या विशेषांकांतून बनावट लेख शिरल्याचे उघड झाले आणि एकट्या २०२३ मध्ये आठ हजारांहून अधिक लेख मागे घ्यावे लागले. ‘हिंदावी’ हे नावच वायलीने सोडून दिले. हे सुदूर संवेदनाचे प्रकरण नव्हे. पण लेखामागे शुल्क आणि विशेषांकांची रेलचेल ही रीत या शास्त्रातही आहे.

१६/
या नव्या अर्थव्यवस्थेत नात्याचा चौथा नमुना आला : ‘संलग्नता’. प्रकाशक आपल्या पत्रिकेच्या पानावर संस्थेचे नाव लावतो आणि संस्थेच्या सभासदांना प्रकाशनशुल्कात सवलत देतो. सभासद खूश, संस्थेला एक सुविधा दिल्याचे समाधान, पत्रिकेला प्रतिष्ठित नावाची झळाळी. पण संपादक कोण असावा, विशेषांक किती काढावेत, कोणता लेख परत पाठवावा, यांपैकी काहीही केवळ संलग्नतेने संस्थेच्या हाती येत नाही. जिथे संस्थेला निर्णयात वाटा नाही, तिथे तिचे नाव हे प्रमाणपत्र असते, आणि तपासणी न करता दिलेले प्रमाणपत्र देणाऱ्याचीच पत घालवते.

१७/
आयएसपीआरएसचे उदाहरण यासाठीच बोलके आहे, कारण एकाच संस्थेत आज निरनिराळे प्रयोग शेजारीशेजारी चालू आहेत. तिचे प्रमुख जर्नल एल्सव्हिअरकडे आहे. भू-माहितीचे जर्नल २०१२ पासून एमडीपीआयकडे आहे, लेखकाच्या शुल्कावर चालणारे आणि वाचकाला खुले. आणि डोलेझाल यांनी १९०८ मध्ये सुरू केलेल्या ‘आर्काइव्ह’ची परंपरा? परिषदांत सादर झालेले लेख छापणारी ती मालिका आज कोपर्निकस या प्रकाशकाच्या साहाय्याने निघते आणि जगात कुणालाही फुकट वाचता येते.

१८/
सर्वांत जुनी मालिका सर्वांत मोकळी, हा योगायोग मानता येणार नाही. ती पहिल्यापासून संस्थेची राहिली. म्हणून इंटरनेट आल्यावर ती खुली करावी की नाही, हा निर्णय संस्थेला स्वतः घेता आला. प्रकाशक तिथेही आहेच. पण तो कामापुरता नेमलेला. एखाद्या वाड्याला पहारेकरी असणे वेगळे आणि वाड्याची किल्लीच पहारेकऱ्याकडे असणे वेगळे.

१९/
किल्ली नसली तर काय होते, ते भाषाशास्त्रज्ञांनी अनुभवले. ‘लिंग्वा’ ही १९४९ पासूनची मान्यवर पत्रिका. २०१५ मध्ये तिचे संपूर्ण संपादक मंडळ एल्सव्हिअरशी मतभेद होऊन बाहेर पडले. माणसे गेली, पण नाव प्रकाशकाचे होते. ते तिथेच राहिले आणि मंडळाला ‘ग्लॉसा’ या नव्या नावाने शून्यापासून आरंभ करावा लागला. २०१९ मध्ये माहितीमापनशास्त्राच्या संपादकांनीही तेच केले; फरक इतकाच की त्यांच्या पाठीशी त्यांची आंतरराष्ट्रीय संस्था उभी होती आणि नवी पत्रिका तिच्या नावाने निघाली.

२०/
सुदूर संवेदनाला मालकीचा धडा दुसऱ्या शास्त्राकडून शिकण्याचेही कारण नाही. तो त्याच्याच इतिहासात आहे. १९८४ च्या कायद्याने अमेरिकेने लँडसॅटच्या चित्रांची विक्री खासगी कंपनीकडे सोपविली. एका चित्राची किंमत ४,००० डॉलरच्या वर गेली आणि विद्यापीठांना ती परवडेना. १९९२ मध्ये नवा कायदा करून ते धोरण मागे घेतले गेले. २००८ मध्ये चित्रे सर्वांना विनामूल्य झाली. विक्रीचे उत्तम वर्ष २००१, त्या वर्षी सुमारे २५ हजार चित्रे गेली होती. खुली झाल्यावर वर्षभरातच हा आकडा दहा लाखांपलीकडे गेला.

२१/
दार उघडता आले, कारण उपग्रह जनतेचा होता. व्यवहार खासगी हाती दिला तरी मूळ मालकी सुटली नव्हती. आज विचित्र अवस्था अशी, की आकाशातून घेतलेले चित्र कुणालाही घरबसल्या मिळते. पण त्या चित्राचा अर्थ सांगणारा, बहुधा सरकारी पैशानेच झालेला लेख वाचायला कधी वर्गणी लागते, आणि छापायला कधी शुल्क.

२२/
आता डेल्फ्टचा धागा. १९५७ मध्ये जवाहरलाल नेहरूंनी स्खेरमरहॉर्न यांच्या त्या संस्थेला भेट दिली. तिच्याच सहकार्याने १९६६ मध्ये देहरादूनला छायाचित्र-निर्वचनाची भारतीय संस्था स्थापन झाली. १९६९ मध्ये तिथेच या विषयाच्या अभ्यासकांची सोसायटी उभी राहिली. पुढच्याच वर्षी पिषारोथ राम पिषारोटी यांनी केरळातील नारळावरील मूळकुजव्या रोग हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर टिपून भारतातील सुदूर संवेदनाचा श्रीगणेशा केला. हेच पिषारोटी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे पहिले संचालक.

२३/
या सोसायटीच्या पत्रिकेचे नाव होते ‘फोटोनिर्वाचक’. छायाचित्राचा अर्थ उलगडणारा, असा त्याचा भाव. इंग्रजी लेखांच्या पत्रिकेला संस्कृतचा आधार घेऊन असे नाव देणाऱ्या पिढीला ही विद्या आपलीशी करायची होती. आज ती पत्रिका इंडियन सोसायटी ऑफ रिमोट सेन्सिंगचे जर्नल म्हणून स्प्रिंगरकडून प्रसिद्ध होते. त्यामुळे ती जगभर पोहोचली, हा लाभ खराच. पण देहरादूनच्या त्या नावाची ओळख नव्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांना आहे?

२४/
भारत सरकारने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार पत्रिका, ६,३०० हून अधिक सरकारी संस्था. जिल्ह्याच्या ठिकाणच्या शासकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्याला यामुळे जे वाचता येईल, ते त्याच्या प्राध्यापकांना विद्यार्थीदशेत स्वप्नातही दिसले नव्हते. हे स्वागतार्हच आहे. पण वर्गणी म्हणजे भाडे. मुदत संपली की पुन्हा वाटाघाटी, आणि योजनेबाहेरचा शाळाशिक्षक, स्वतंत्र अभ्यासक किंवा पाणलोटाचे काम करणारा कार्यकर्ता दाराबाहेरच.

२५/
प्रकाशकाला खलनायक ठरवून काही साधत नाही. मांडणी, साठवण, वाङ्मयचौर्याची तपासणी, जगभरच्या सूच्यांत नोंद, या कामांना पैसा लागतो. जर्नलच्या उत्पन्नातून अनेक संस्था आपल्या परिषदा आणि तरुणांची पारितोषिके चालवितात. भागीदारी असावीच. वाद आहे तो अटींचा, आणि अटी ठरविताना शास्त्रज्ञ बहुधा फारच भिडस्त असतात.

२६/
शतकभराचा इतिहास पाहता चार अटी किमान वाटतात. पत्रिकेचे नाव संस्थेच्या मालकीचे असावे. संपादक नेमण्याचा आणि काढण्याचा अधिकार संस्थेच्या निवडून आलेल्या मंडळाकडे असावा. ठरावीक वर्षांनंतर जुने खंड सर्वांना खुले व्हावेत आणि त्यांची एक प्रत संस्थेपाशी असावी. करार सभासदांना वाचायला मिळावा. ज्या भागीदारीत यांपैकी काहीच नाही, केवळ शुल्कातील सवलत आहे, तिला भागीदारी म्हणू नये. ती घाऊक खरेदीची सूट आहे.

२७/
डोलेझाल यांच्या आर्काइव्हचे दार आजही उघडे आहे, कारण त्याची किल्ली कुणी दुसऱ्याला दिली नाही. बाकीच्या पत्रिकांचे काय होणार, हे प्रकाशकांच्या कचेरीत ठरण्याआधी संस्थांच्या वार्षिक सभांत ठरू शकते. त्या सभांना उपस्थिती नेहमीच तुरळक असते. हिशेब वाचला जातो, चहा होतो, सभा संपते. चहापूर्वी एखाद्या सभासदाने उठून एवढेच विचारावे : करार उद्या संपला, तर पत्रिका कुणाकडे राहील?

(समाप्त)